एका मिनिटाचं टिंब

५ जानेवारी

आजपासून नोंद ठेवतेय. धाकट्याने सुचवलं म्हणून नव्हे. त्याने सुचवलं म्हणूनच ठेवू नये, असं आधी मनात आलं होतं. पण वजनमापं खात्यात तीस वर्षं काढली, आणि जे लिहून ठेवलं नाही ते घडलंच नाही अशी डोक्याला सवय लागली आहे.

प्रयोग असा. माझ्या मागच्या खोलीत साबणाच्या डबीएवढं यंत्र आहे. ते रेडिओवरून मोर्सच्या खुणा पाठवतं. ताकद एवढीशी, की विजेरीतला बल्बही त्यावर धड लागायचा नाही. इतका बारीक आवाज माणसाच्या कानाला कळत नाही, म्हणून तो अतिशय सावकाश पाठवायचा. एक टिंब एक मिनिट, एक रेघ तीन मिनिटं. हौशी रेडिओच्या परवान्यावर मला जे सांकेतिक नाव मिळालंय, ज्याला मी सही म्हणते, त्याची शेवटची दोन अक्षरं जायला पंचवीस मिनिटं लागतात. मग पाच मिनिटं थांबून पुन्हा तीच. पलीकडे, गाडीने दिवसभराच्या अंतरावर, धाकट्याचा कॉम्प्युटर रेडिओ ऐकत बसतो आणि जे ऐकू येईल त्याचं चित्र काढतो. काळ्या पडद्यावर बारीक पांढऱ्या रेघा. ते चित्र तो रोज संध्याकाळी मला मेल करतो.

बोलणं नाही. सख्खा भाऊ, पण अकरा वर्षं आम्ही बोललेलो नाही. चार महिन्यांपूर्वी एकदम त्याचा मेल आला, "तायडे, परवाना अजून आहे ना? हळू मोर्स करून बघूया का?" याला माझ्याकडून नक्की काय हवं असेल याचा मी तीन दिवस विचार केला. काही सापडलं नाही, म्हणून हो म्हटलं.

खरं लिहायचं तर हा प्रयोग बंद पडला तर आमच्यात दुसरं काहीच उरत नाही. हे मी त्याला सांगणार नाही.

९ जानेवारी

त्याच्या चित्रात माझ्या रेघेला रोज दुपारी कुबड येतं. सरळ जाणारी रेघ तीन वाजता वर चढते आणि चारच्या सुमाराला खाली बसते. कारण मीच शोधलं. तीनला मी मागच्या खोलीची खिडकी उघडते. गार वारा यंत्रावर येतो आणि त्याची पट्टी, म्हणजे रेडिओवरची जागा, केसभर सरकते. यंत्राचा यात काही दोष नाही. उन्हाथंडीने कुठलंही यंत्र सरकणारच.

धाकट्याने मेलमध्ये लिहिलं होतं, "तायडे, तीनला खिडकी उघडलीस, चारला लावलीस. मध्ये चहा झाला का?"

झाला होता. पण याला एवढ्या लांबून माझी खिडकी दिसते, हे मला फारसं आवडलं नाही. पाळत ठेवायचं काम आजवर मी करत आले.

१७ जानेवारी

खाली कुलूपवाल्याचं दुकान आहे. आज जिन्यात गाठ पडली. म्हणाला, "मॅडम, ती गच्चीवरची तार कसली? लोक मला विचारतात."

मी सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे दिवसभरात तुम्ही दोनच अक्षरं पाठवता?"

"परत परत."

"आणि भाऊ काय कळवतो? मिळाली म्हणून?"

"हो."

"फोन स्वस्त झालेत हो मॅडम," म्हणाला आणि किल्ली घासायला लागला.

त्याला काय सांगू? धाकट्याची बेकरी होती. माझी बदली त्याच्याच भागात झाली. तपासणी यादीत त्याचं दुकान आलं. दुसऱ्या कुणाला पाठवा असं साहेबांना सांगता आलं असतं, पण लोक म्हणाले असते, भाऊ म्हणून सोडला. मीच गेले. काटा किलोमागे बारा ग्रॅम कमी देत होता. धाकटा म्हणाला, "तायडे, भट्टीच्या भिंतीला लागून आहे तो. दुपारी तापतो. सकाळी येऊन बघ." रोज एक नवी सबब ऐकायची सवय होती मला. काट्याला ताप येतो काय, असं मी सगळ्यांदेखत म्हटलं. गिऱ्हाइकं हसली. मी काट्याला सील ठोकलं. दोन वर्षांत बेकरी बंद झाली.

मी नियमाने वागले. आजही तेच करीन.

२ फेब्रुवारी

काहीतरी बदललंय. चित्र आता संध्याकाळी येत नाही, सकाळी सातला येतं. आणि मजकूर बघा: "ताई, कालचं चित्र सोबत जोडले आहे. तब्येतीची काळजी घ्या."

घ्या? हा मला जन्मात कधी अहो-जाहो बोलला नाही. ताईही म्हणत नाही. ताई म्हणते ती माझी भावजय. "तायडे" गेलं, चहाची चौकशी गेली, खिडकीची टिंगल गेली. माणूस एकदम असा अदबीने वागायला लागला की त्याच्या मनात काहीतरी असतं. दुकानदार खुर्ची पुसून देतो तेव्हा मी आधी काट्याखाली हात घालून बघायची.

५ फेब्रुवारी

रोज सात. रोज तेच वाक्य. चित्रं मात्र सुरेख. रेघा स्पष्ट, वाचायला सोप्या. फारच सुरेख.

८ फेब्रुवारी

मनात पाल चुकचुकली म्हणून आज त्याच्या मोबाइलवर फोन लावला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. भावजयीने उचलला. मी म्हटलं, "मी बोलतेय."

"ताई? बऱ्या आहात ना?"

"मी बरी आहे. तो आहे का?"

"ते... अंघोळीला गेलेत."

"संध्याकाळी पाच वाजता?"

"आज उशीर झाला त्यांना. काही सांगायचं होतं का?"

"नाही. सहजच."

ठेवला. पाठीमागे कुठेतरी लाउडस्पीकरवर कुणाचा तरी नंबर पुकारत होते. अंघोळीला बाहेर कुठे जातो हा? रेल्वे स्टेशनावर?

म्हणजे माझ्याशी बोलायचंच नाही. मग प्रयोग कशाला सुरू केला?

१० फेब्रुवारी

सापडलं.

परवा मागच्या खोलीच्या खिडकीचा खटका तुटला. परवा आणि काल, दोन्ही दिवस खिडकी घट्ट बंद. आज सकाळी कुलूपवाल्याने नवीन खटका बसवला तेव्हा कुठे ती उघडली. आणि कालचं म्हणून आलेलं चित्र समोर आहे: तीन वाजता कुबड, चारला खाली. बंद खिडकीतून वारा आला म्हणायचा!

मग मी सगळी चित्रं छापून टेबलावर मांडली आणि भिंग घेतलं. कालचं चित्र आणि चौदा जानेवारीचं चित्र एकच आहे. उजव्या कोपऱ्यात माशी बसल्यासारखा डाग आहे, कुठल्यातरी गडगडाटाचा असणार. दोन्हीकडे तो जागच्या जागी. वरची तारीख तेवढी वेगळी, आणि तिचे आकडे बाकीच्या अक्षरांपेक्षा किंचित जाड. सगळं तपासलं. सव्वीस जानेवारीपासून पुढची सगळी चित्रं जुनी आहेत. आज गेलेल्या मालावर कालचं सील.

कुलूपवाला समोर बसून खटक्याला तेल देत होता. त्याला दाखवलं. त्याने भिंगातून बघितलं.

"हो, एकच आहे. पण मॅडम, फसवून त्याला मिळणार काय?"

"ते शोधायचंय."

"माझ्याकडे लोक येतात, म्हणतात शेजाऱ्याने कुलूप बदललं. मी बघायला जातो तर आत गंज चढलेला असतो. दहातली नऊ कुलपं तशीच."

"आणि दहावं?"

"दहावं बदललेलं असतं," तो हसत म्हणाला. "पण तुम्ही नऊ वेळा भांडून बसलेल्या असता."

त्याला हसायला काय जातं?

११ फेब्रुवारी

दिवसभर हात कशाला लागला नाही. राग येतो, आणि रागाखाली दुसरं काहीतरी आहे, ते जास्त त्रास देतं. सोळा दिवस मी पाठवतेय आणि तिथे कुणी ऐकतच नाही. मी आपली रोज खिडकी उघडतेय, लावतेय, आणि त्याला दिसतंय असं समजून चहा पितेय.

तरी पुराव्याशिवाय बोलायचं नाही. खात्यात आम्ही नमुना खरेदी करायचो. आपलाच माणूस गिऱ्हाईक म्हणून पाठवायचा आणि बाहेर आल्यावर पुडी तोलायची. उद्या तेच करते.

१२ फेब्रुवारी

लहानपणी आमच्या अभ्यासाच्या खोल्या शेजारी-शेजारी होत्या, मध्ये एक भिंत. बोललं तर आई ओरडायची, म्हणून आम्ही भिंतीवर खुणा करायचो. पट्टीने ओरखडा म्हणजे लांब, बोटाने टकटक म्हणजे छोटी. लांब, लांब, छोटी म्हणजे "आहेस का?" त्याचं उत्तर दोन छोट्या, "आहे." मोर्स आम्ही नंतर शिकलो. त्याच्या आधी हेच होतं.

आज दुपारी दोन ते चार, सहीच्या आधी दर वेळी मी तेच पाठवलं. लांब, लांब, छोटी. मग सही, कारण सही नियमाने पाठवावीच लागते. दुसऱ्या कुणाला ही खूण कळणार नाही. तो ऐकत असेल तर त्याला कळल्यावाचून राहणार नाही. उद्या साध्या सहीचं चित्र आलं की गुन्हा शाबीत.

१३ फेब्रुवारी

सकाळी सात. "ताई, कालचं चित्र सोबत जोडले आहे."

साधी सही. तीनला कुबड. कोपऱ्यात माशी.

लगेच लिहिलं आणि लगेच पाठवलं. प्रत इथे ठेवते:

"तुझी सव्वीस जानेवारीपासूनची सगळी चित्रं जुनी आहेत. पुरावे माझ्याकडे आहेत. तेव्हा बारा ग्रॅम मारलेस, आता सगळंच मारलंस. ऐकायचं नव्हतं तर सुरूच का केलंस? यापुढे मला मेल करू नकोस."

यंत्राची तारही काढून ठेवली.

१६ फेब्रुवारी

तीन दिवस काही नाही. आज अकरा वाजता भावजयीचा फोन आला.

"ताई, ती चित्रं मी पाठवत होते."

"तू? आणि तो कुठाय?"

"हॉस्पिटलमध्ये. सव्वीस तारखेला दुपारी छातीत दुखायला लागलं. ऑपरेशन झालं. नंतर ताप चढला तो उतरेचना. काल पहिल्यांदा उतरलाय."

मी खाली बसले. फोनच्या बाजूला स्टूल आहे, त्यावर.

"मला का नाही कळवलंस?"

"त्यांनीच नको म्हटलं. म्हणाले, तायडी येईल आणि आधी सलाइनची बाटली तोलून बघेल." ती जराशी हसली, मग तिचा आवाज बसला. "आत नेताना मला म्हणाले, तिचा रिपोर्ट मात्र चुकवू नको. एक दिवस चुकला तरी तिला वाटेल मी फसवतोय. आणि खोलीतलं कॉम्प्युटरचं मशीन बंद करू नको. एवढंच सांगितलं. मला त्यातलं काही कळत नाही हो. जुनी चित्रं होती, त्यांच्यावरची तारीख बदलली आणि पाठवली. रोज पहाटे हॉस्पिटलमधून घरी यायचे, तेव्हा."



"माझा शेवटचा मेल त्याने वाचला?"

"नाही. मी पुसून टाकला, ताई."

तिने तो वाचला असणार. एका शब्दाने बोलली नाही.

"मी निघते. आजची गाडी मिळेल."

"आत्ता नका येऊ. आत कुणाला सोडत नाहीत, मलासुद्धा काचेतूनच बघू देतात. घरी आणलं की या." मग म्हणाली, "एक विचारू? मशीन चालूच होतं. रोजचं चित्र ते आपलं आपणच साठवतं, हे मला काल कळलं. बारा तारखेचं चित्र मी त्यांना नर्सकडून आत फोनवर दाखवलं. बघून हसले. म्हणाले, तायडी विचारतेय. काय विचारताय ते मात्र मला सांगितलं नाही. काय विचारलं होतंत?"

मी काहीतरी उत्तर दिलं. काय दिलं ते आठवत नाही.

मी सापळा लावला होता. त्याला वाटलं मी विचारतेय.

१७ फेब्रुवारी

सकाळी पहिल्यांदा यंत्राची तार जोडली. तीन वाजता खिडकी उघडली, चारला लावली.

मग बसून विचार केला. माझं यंत्र वाऱ्याने सरकतं, ते मी नऊ जानेवारीला इथे मोठ्या समजूतदारपणे लिहून ठेवलंय. "यंत्राचा यात काही दोष नाही." मागची पानं उलटून वाचलं. त्याचा काटा भट्टीच्या भिंतीला लागून होता. मी दुपारी अडीचला गेले होते. सकाळी येऊन बघ, म्हणाला होता. तीस वर्षांच्या नोकरीत मी कितीतरी दुकानांत दुसऱ्यांदा गेले, खात्री करायला. त्याच्याकडे गेले नाही. भाऊ होता म्हणून गेले नाही.

काटा खरंच तापत होता की नाही, हे मला आता कधीच कळणार नाही. काटा भंगारात गेला असेल. मी चुकले असेन असं अकरा वर्षांत आज पहिल्यांदा लिहितेय.

२१ फेब्रुवारी

भावजयीने चित्र पाठवलं. खरं. तिने नर्सच्या मुलाकडून शिकून घेतलं कसं काढायचं ते. रेघ इतकी फिकी की डोळे बारीक करून बघावं लागतं, मध्ये दोन ठिकाणी तुटलीये, आणि तीनच्या ऐवजी तीन वीसला चढलीये. काल मी झोपून गेले होते, खिडकी उशिरा उघडली होती.

छापून भिंतीला लावलं. कुलूपवाला पाण्याच्या टाकीचं बघायला वर आला होता. म्हणाला, "हे आधीच्यापेक्षा वाईट आलंय."

"हो," म्हटलं. "म्हणूनच लावलंय."

मग मीच विचारलं, "गंजच निघाला. तुम्हाला कसं कळलं होतं?"

"मला काही कळलं नव्हतं हो. दहातली नऊ असतात, म्हणून बोललो."

२५ फेब्रुवारी

त्याला घरी आणलं. भावजय म्हणाली, खूप वाळलाय, खुर्चीत बसतो, बोलताना धाप लागते म्हणून फोन नको म्हणतो. पण मला निरोप आहे: उद्या दुपारी तीन वाजता तुझ्या रेडिओवर ऐक. त्याची पट्टी कळवली.

त्याचा पाठवायचा सेट बेकरी बंद झाल्यापासून पेटाऱ्यात पडला होता. आपोआप खुणा पाठवणारं चाक त्याच्याकडे नाही, हे मला माहीत आहे. माझ्याकडे आहे.

बॅग भरून ठेवली. परवाची गाडी आहे.

२६ फेब्रुवारी

अडीचपासून कॉम्प्युटरपुढे बसले. खिडकी बंद ठेवली, कशाला उगाच. पडदा काळा, त्यावर राखेसारखे ठिपके. तीन वाजून गेले. तीन दहा. विसरला असेल, झोपला असेल, भावजयीने मला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगितलं असेल, असं सगळं डोक्यात येऊन गेलं. सवय सुटत नाही.

तीन चौदाला पडद्याच्या मधोमध एक फिकी रेघ उमटायला लागली. ठिपक्यांतून ती हळूहळू पुढे सरकत होती. एका टिंबाला एक मिनिट लागतं आणि तेवढा वेळ माणसाने नुसतं बघत राहायचं असतं. मग रेघ थांबली. अंधार. मग पुन्हा सुरू झाली. मग पुन्हा अंधार, आणि त्यानंतर काही नाही.

दोन छोट्या.

मी मोजपट्टी घेतली. हो, घेतली. पडद्याला लावून मोजलं. पहिलं टिंब एकोणपन्नास सेकंदांचं भरलं. दुसरं एकेचाळीस. चाकाने पाठवलं असतं तर दोन्ही बरोबर साठ भरली असती. जुनं चित्र नाही, तारीख बदललेली नाही, भावजयीने केलेलं नाही. खुर्चीत बसून त्याने स्वतःच्या बोटाने बटण दाबून धरलं, आणि मिनिट पुरं व्हायच्या आधी बोट सुटलं. दुसऱ्यांदा आणखी लवकर सुटलं.

पडदा पुन्हा काळा झाला तरी मी बसून रडले. मग तोंड धुऊन नोंद करायला घेतली.

तीस वर्षांत कमी भरलेलं एकही माप मी सोडलं नाही. ही दोन टिंबं पूर्ण धरली.